लिफ्टमधला चौथा माणूस आणि ड्रायव्हिंगचे मास्तर

जानेवारीचा शेवटचा रविवार, सकाळी साडेदहा. जागा आमचा हॉल, नेरूळ. हजर: मी; माझी आई, चिपळूणहून महिन्याभरासाठी आलेली; तिसऱ्या मजल्यावरचे काका, बँकेतून निवृत्त; शिरवण्याच्या वहिनी; आणि माझा नवरा, जो कादंबऱ्या वाचत नाही पण घावन्यांच्या वेळी कधी चुकत नाही. विषय: या महिन्यात वाचलेल्या रहस्यकथा आणि प्रेमकथांपैकी कुठली आवडली आणि का. आईची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी पनवेलहून होती. तिची बॅग भरून दाराशी उभी होती आणि जो तो तिला वळसा घालून आत येत होता.

बॅगेचं आधी सांगते. आई चिपळुणात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. डिसेंबरच्या मध्याला ती बाथरूममध्ये घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालून आली, भात लावला, जेवली, आणि मला पंधरवड्याने फोनवर सांगितलं, तेही बोलता बोलता, वरणाच्या कृतीच्या मधे. मी ताबडतोब गाडी काढून तिला आणायला गेले. मला ती कायमची इथे हवी होती. तिला नको होतं.

"एक महिना," ती म्हणाली. "हात सुटला की मी माझ्या घरी. तुमच्याकडे मला कोणी ओळखत नाही. दिवसभर मी काय करू, पडदे मोजू?"

मी यादी केली. सकाळचं फिरणं, दुपारची झोप, संध्याकाळी बाग, मधल्या वेळात वाचन. यादीतल्या पहिल्या तीन गोष्टी तिने पहिल्याच दिवशी खोडल्या. बागेतल्या बायका फक्त गुडघ्यांबद्दल बोलतात, असं कारण दिलं. वाचन राहिलं, कारण ती जन्मभर वाचत आली आहे आणि तिला दोनच प्रकार चालतात: ज्यात कोणी तरी गायब होतं, आणि ज्यात कोणी तरी कोणाच्या तरी प्रेमात पडतं. बाकीच्या साहित्याला ती "बरं असेल" म्हणते.

तेव्हा जानेवारी रहस्य आणि प्रेमाचा, असं ठरलं. काका आपणहून आले. ते आधीपासून प्रेमकथा वाचतात, पण कव्हरवर वर्तमानपत्र चढवून. त्यांची बायको पुण्याला मुलीच्या बाळंतपणाला गेली आहे आणि ते दिवसभर रिकामे असतात. लिफ्टमध्ये आईने त्यांच्या हातातलं पुस्तक उघडून बघितलं, पान वाचलं आणि विचारलं, "ही शेवटी त्यालाच होकार देते ना?" काकांनी हो म्हटलं. ओळख तिथे झाली.

आता पुस्तकं. महिन्यात एकूण सहा कादंबऱ्या वाचून झाल्या. त्यातल्या दोन मी कोणालाही सुचवणार नाही. एकीत बंदरावरच्या गोदामात प्रेत सापडतं आणि नंतर दोनशे पानं सगळे फक्त चहा पितात. दुसरीत नायक-नायिका एकमेकांना समजून घ्यायला इतका वेळ घेतात की मधे मी आमचं वर्षाचं धान्य भरून घेतलं. दोन बऱ्या होत्या. खऱ्या आवडलेल्या दोन, आणि सगळं पुढचं त्या दोन्हींमुळेच झालं.

पहिली रहस्यकथा. जुन्या बँकेच्या इमारतीत सातव्या मजल्यावर चार जण लिफ्टमध्ये शिरतात. मधे वीज जाते. पाच मिनिटांनी लिफ्ट तळमजल्यावर उघडते तेव्हा आत तिघंच असतात, त्यांतली एक बँकेत काम करणारी बाई. चौथा माणूस नाही. लेखक त्याला नावही देत नाही, सबंध पुस्तकभर तो "चौथा"च. तपास करणाऱ्या बाई इन्स्पेक्टरला बंद जागेची भीती आहे, त्यामुळे ती प्रत्येक वेळी सात मजले चढून जाते आणि जिन्यात तिला ते दिसतं जे बाकी कोणाला दिसलेलं नसतं. मला हे फार आवडलं. भीतीचा उपयोग करून घेणारी बाई. शेवट सांगणार नाही. चौथा जिवंत आहे आणि नाव बदलून राहतोय, एवढं तिसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच कळतं. खरी गंमत त्याच्यापुढे आहे.

दुसरी प्रेमकथा. पन्नाशीतली बाई, नवरा जाऊन चार वर्षं झालेली, त्याची गाडी पार्किंगमध्ये कापडाखाली उभी. मुलगा म्हणतो विकून टाक. ती विकत नाही, ड्रायव्हिंग स्कूलला जाते. शिकवणारे मास्तर तिच्याच वयाचे, आवाज न चढवणारे. पहिल्या शंभर पानांत त्यांची सगळी संभाषणं म्हणजे "क्लच हळू" आणि "आरशात बघा". तरी पुढचं पान उलटल्याशिवाय राहवत नाही. घाटात चढावर गाडी थांबते, मागे ट्रक उभा, आणि मास्तर हॅंडब्रेकला हात न लावता नुसते म्हणतात, "तुम्हाला येतं." त्या पानाशी मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आले. मीही चाळिशीनंतर गाडी शिकले आहे. मला कोणी "तुम्हाला येतं" म्हटलं नव्हतं. नवरा शेजारी बसून "गेलो, गेलो" म्हणायचा.

ही दोन्ही पुस्तकं आधी मी वाचली, मग काकांनी. अडचण आईची झाली. दोन्ही पुस्तकं विटेएवढी जाड आणि तिचं मनगट कमजोर. उशीवर ठेवून वाचायची तर मान दुखायला लागली. एका दुपारी पुस्तक छातीवर पडलं तेव्हा ती म्हणाली, "राहू दे. घरी जाऊन पंचांग वाचीन. हलकं असतं."

मी दोन्ही पुस्तकं पिशवीत टाकली आणि शिरवण्याला झेरॉक्सच्या दुकानात गेले. दुकानदाराला सांगितलं, पाठ कापून प्रत्येकाचे तीन भाग कर आणि मुलांच्या प्रोजेक्टला करतात तसं स्पायरल बाइंडिंग घाल. तो माझ्याकडे बघतच राहिला. चांगलं पुस्तक कापायला त्याचा हात धजेना. तेवढ्यात शेजारच्या जिन्यातून एक बाई उतरल्या. अंगावर भारी साडी, हातात चाव्यांचा जुडगा. दुकान त्यांच्याच इमारतीत आहे, वरचे तीनही मजले त्यांनी भाड्याने दिलेले.

"काय झाला?" त्यांनी विचारलं. "पुस्तक कापताव? कोनावर राग हाय?"

मी मनगटाची गोष्ट सांगितली. त्यांनी प्रेमकथा उचलली, मागचा मजकूर तिथेच उभ्याने वाचला.

"बाय गाडी शिकते?" त्या म्हणाल्या. "मना बी शिकाची हाय. आमच्या घरान तीन गाड्या, पन मना कोन चावी देत नाय. आनि सगल्या घरांच्या चाव्या माझ्याकरं!" आणि मग, "ही कापलेली मना बी वाचाला दे."

अशा वहिनी आमच्यात आल्या. मी सोय चोख लावली: आईकडे लिफ्टचं पुस्तक, वहिनींकडे ड्रायव्हिंगचं, भाग संपला की पुढचा भाग मी पोचवणार, मग पूर्ण पुस्तकांची अदलाबदल. लिफ्टला निळा पुठ्ठा, ड्रायव्हिंगला गुलाबी. नवऱ्याने त्या सहा वह्यांकडे बघून म्हटलं, "गुन्हे शाखेचा वार्षिक अहवाल दिसतोय." पण आईच्या हातात वही हलकी बसली. त्याच रात्री तिने दिवा मालवायला नकार दिला.

पुढचा पंधरवडा चांगला गेला. आईने घरात प्रश्न विचारणं बंद केलं आणि अंदाज बांधणं सुरू केलं. वहिनी दुपारी फोन करायच्या, "मावशी, तुमी किती वाचली?" आई सांगायची, "मी मधल्यावर आहे. पुस्तकाने अशी काही कलाटणी घेतलीय, काय सांगू!" मी इकडे भाजी चिरत मनात म्हणायची, बरोबर, मधला भाग मलाही आवडला होता. वहिनींनी एकदा मला विचारलं, "ताय, या प्रेमाच्या पुस्तकान पोलिस कशाला आनलं?" मी घाईत होते. बाई गाडी चालवतेय, ट्रॅफिक हवालदार येणारच, असं मला वाटलं. मी म्हटलं, "हल्लीच्या कादंबऱ्या अशाच असतात वहिनी. वाचत राहा, शेवटी जुळतं."

तर तो रविवार. आईने सकाळी उठून घावने घातले, डाव्या हाताने, मला पीठ ढवळण्यापलीकडे काही करू न देता. वहिनींनी घरच्या पोपटीतल्या, मडक्यात पाल्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा आणल्या. काकांनी नेहमीप्रमाणे काही आणलं नाही पण इस्त्रीचा शर्ट घातला होता. सगळे बसले. मी म्हटलं, आईपासून सुरुवात करू, ती उद्या जातेय. वहिनींनी बॅगेकडे बघितलं आणि शेंग सोलायची थांबवली.

आईने चष्मा पुसला. "मला लिफ्टचं पुस्तक फार आवडलं," ती म्हणाली. "लेखक हुशार आहे. तो चौथा माणूस लपून कुठे राहतो? तर ड्रायव्हिंग शिकवायला! कोणाला संशय येणार? मानलं मी."

काकांनी घावन्याचा घास तसाच धरला. "कुठे राहतो?"

"ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. मास्तर म्हणून."

"ताई, लिफ्टच्या पुस्तकात ड्रायव्हिंग स्कूल नाही."

"तुम्ही झोपेत वाचता," आई म्हणाली. "ती बँकेतली बाई घर सोडून निघून जाते का नाही पहिल्या भागाच्या शेवटी? मग वेगळ्या नावाने गाडी शिकायला येते. मास्तरवर नजर ठेवायला. मला पहिल्या पानावर कळलं. एवढं 'क्लच हळू, क्लच हळू' करणारा माणूस सरळ असूच शकत नाही."

वहिनी एकदम ताठ बसल्या. "मावशी, त्यो मास्तर लिफ्टमदला हाय? तुमाला बी म्हायती?"

"तुम्हाला कसं माहिती?" काकांनी वहिनींना विचारलं. "तुम्ही तर प्रेमकथा वाचलीत!"

"तीच सांगतंय ना! परीक्षेच्या दिशी मास्तर येत नाय. मंग पोलिस त्याला सोधतात, ती बाय इन्स्पेक्टर जिनं चरते उतरते, चरते उतरते. मना तर घाम फुटला. आनि शेवटच्या भागान त्यो हसत परत येतो आनि ही त्याच्याशी लगीन लावते! मी वही बंद करून बोंबलली, अगो बाय, नको लावूस, त्यो लिफ्टमदशी पलालेला हाय!"

मी उठले. दोन्ही मधल्या वह्या आणल्या आणि शेजारी शेजारी टेबलावर ठेवल्या. निळ्या पुठ्ठ्यात मास्तर घाटात चढावर गाडी थांबवून बसले होते. गुलाबी पुठ्ठ्यात इन्स्पेक्टर बाई पाचव्या मजल्यावर दम खात होत्या. एकाच प्रकाशकाची दोन पुस्तकं, एकाच आकाराची, एकसारखी छपाई. दुकानात मी गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या लावल्या होत्या, एक, दोन, तीन, एक, दोन, तीन. कुठल्या पुस्तकाचे, ते लिहिलं नव्हतं.

नवरा सगळ्यात आधी हसला आणि सगळ्यात उशिरा थांबला. "ही बाई," माझ्याकडे बोट करून तो म्हणाला, "डाळीच्या डब्यांवर तारीख लिहिते!" वहिनी पदरात तोंड घालून हलत होत्या. काका मात्र खरेच चिडले होते. ते उभे राहिले.

"ताई, म्हणजे तुम्ही दोन्ही पुस्तकांवर अन्याय केलाय. मास्तर अत्यंत सज्जन माणूस आहे. परीक्षेच्या दिवशी तो का येत नाही, ते मधल्या भागात आहे. तुम्हाला ते नीट माहीत असायला हवं होतं!"

"मला माहीत आहे," आई म्हणाली. "लपला होता."

"त्याच्या बहिणीचं ऑपरेशन होतं!"

"असं तो सांगतो."

"तो नाही सांगत, लेखक सांगतो!"

"लेखकाला तरी काय, तो सांगेल ते लिहिणार. माझ्या पुस्तकात तो चोर आहे आणि मला आवडला. चोर असून घाटात त्या बाईला घाबरू देत नाही. तुमच्या सज्जन मास्तरपेक्षा माझा बरा."

काका खाली बसले आणि पुन्हा उभे राहिले. मी आईला इतकं खुशीत खूप दिवसांत बघितलं नव्हतं. गाल तांबूस झाले होते, दुखरा हात ती दोनदा टेबलावर आपटून गेली आणि तिच्या लक्षातही आलं नाही. वहिनींनी मधेच विचारलं की मग बँकेतल्या बाईचं पुढे खरं काय होतं, आणि तिघं एकदम बोलायला लागले. काकांनी सांगू नये म्हणून आई त्यांच्या ताटात घावने वाढत राहिली. "खा, खा. तोंड भरलेलं बरं."

शेवटी ठरलं की आईने खरा मधला भाग वाचायचा, वहिनींनी त्यांचा वाचायचा, आणि मग मास्तरचा निकाल लावायचा. त्या क्षणी मी माझ्या स्वभावाप्रमाणे वागले. प्रश्न दिसला की मी तो सोडवते. मी म्हटलं, "आई, सोपं आहे. गुलाबी वही बॅगेत टाक. गाडीत वाचून होईल, चिपळूणहून कुरियर कर."

बोलले आणि लगेच कळलं की हे बोलायला नको होतं. महिनाभर मला जे हवं होतं ते समोर टेबलावर भांडत बसलं होतं, आणि मी त्याला कुरियरचा मार्ग दाखवला होता. नवरा माझ्याकडे बघून छताकडे बघायला लागला. वहिनी म्हणाल्या, "कुरियर कशाला? मावशी उद्या जातीलच असा कोनी सांगितला?" आणि मग आईकडे वळून, हळू आवाजात, "तुमी गेल्याव मना फोन कोन करंल? मीच करतंय, ती गोष्ट येगली."

आईने गुलाबी वही उचलली, पहिलं पान उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि बंद केली. बॅगेकडे बघितलं. या वेळी मी तोंड बंद ठेवलं होतं.

"गाडीत वाचून होईल, खरं आहे," ती म्हणाली. "पण वाचून झाल्यावर भांडू कोणाशी? चिपळुणात खालच्या मजल्यावरच्या जोशीणबाईंना ऐकू येत नाही."

"मी फोनवर भांडेन," काका म्हणाले. त्यांना त्यांचं म्हणणं पटवून द्यायचंच होतं, बाकी काही त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"फोनवर तुम्ही मधेच ठेवून द्याल," आई म्हणाली. "समोर बसून हरलेले मला बघायचेत." मग माझ्याकडे वळून, चहा टाक म्हणावं त्या सुरात, "उद्याचं तिकीट रद्द कर. पुढच्या महिन्याच्या शेवटचं काढ. त्याच्यापुढे एक दिवसही नाही, सांगून ठेवते. आणि पुढच्या महिन्यात लेखक मी निवडणार. तुझ्या त्या बंदरावरच्या गोदामासारखी रद्दी नको."

मी तिकीट तिथल्या तिथे, उभ्या उभ्याच रद्द केलं. माझा वेग बघून नवरा म्हणाला, "एवढ्या लवकर तू लाइट बिलही भरत नाहीस." ते खोटं आहे. बिल मी आल्या दिवशी भरते.

दुपारी वहिनी निघाल्या तेव्हा आई त्यांना सोडायला गेटपर्यंत गेली. परत यायला तिला बराच वेळ लागला. खाली बघितलं तर दोघी वहिनींच्या धाकट्या मुलाच्या गाडीपाशी होत्या. मुलगा वहिनींना न्यायला आला होता. वहिनी स्टिअरिंगच्या जागी बसल्या होत्या, गाडी बंद होती, मुलगा बाहेर हाताची घडी घालून, आणि माझी आई, जिने आयुष्यात सायकलही चालवली नाही, खिडकीशी वाकून सांगत होती, "क्लच हळू."

आज बुधवार. बॅग रिकामी झाली, साड्या कपाटाच्या मधल्या खणात लागल्या. गुलाबी वही वाचून झाली. बहिणीच्या ऑपरेशनवर आईचा विश्वास अजून बसलेला नाही. झेरॉक्सवाल्याकडून पुठ्ठे बदलून आणले. आई राहतेय, असं माझ्या भावाला कळवलं. पुढच्या महिन्याच्या चार पुस्तकांची नावं आईने सांगितली, तीन मागवली, एक मिळत नाही. आईच्या हाताचा व्यायाम रोज दोन वेळा चालू आहे. घावन्यांचं पीठ संपलं होतं, दळून आणलं.

यादीतलं एकच काम अजून तसंच आहे, पहिल्याच ओळीवर: आईचं परतीचं तिकीट काढणे. रोज सकाळी मी ते वाचते आणि दुसऱ्या ओळीवर जाते.